काडेपेटीतला सेल

घड्याळकाकांचं दुकान बंद होऊन तीन वर्षं झाली, पण दुकानाची शिस्त घरी आली ती आलीच. जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू त्यांची. तिथे हिरवं कापड, खणाखणांची पेटी, चिमटे आणि डोळ्याला लावायचं काळं भिंग. उरलेली बाजू बाईंची. बाई म्हणजे त्यांची बायको. छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासलेली. जगात कुठेही चूक दिसली की त्यांचा हात पेन्सिलीकडे जायचा.

आता चूक दिसेनाशी झाली होती. चूकच काय, ओळसुद्धा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, गेलं ते येणार नाही, आहे ते सांभाळा. भिंतीवरच्या सहा घड्याळांपैकी एकही दिसत नसल्याने बाई दिवसातून वीसदा विचारायच्या, "अहो, किती वाजले?" आणि काका सेकंदासकट सांगायचे. संध्याकाळी वाचूनही दाखवायचे. पण ते वाचन म्हणजे...

"स्वल्पविराम खाल्लात."

"दात पडलेत माझे. मऊ आहे तेच खाणार."

"आणि ती म्हातारी मेली की झोपली? तुमच्या सुरावरून काही कळत नाही."

काका हसायचे. पण बाई अर्ध्या पानावरच "पुरे आजच्याला" म्हणायच्या आणि दुपारी एकट्या बसून त्याच पानावर भिंग सरकवायच्या. तीन दिवस एकच पान. ते काकांना बघवेना.

म्हणून भाचीने जुना लॅपटॉप दिला. "मामा, यात नवी ऑपरेटिंग सिस्टिम घाला. मग तो मामीला काहीही वाचून दाखवेल. पेनड्राइव्ह लावायचा, वाय-फाय जोडायचं आणि बघत बसायचं."

बघत बसणं काकांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आधी लॅपटॉप उघडला, स्क्रू खणांत क्रमाने मांडले, ब्रशने धूळ काढली, झाकण परत बसवलं. मग पेनड्राइव्ह लावला. पडद्यावरची रेघ सरकत सरकत पाऊण वाटेवर आली आणि अडली. खाली मोठ्या अक्षरांत इंग्रजीत आलं: इन्स्टॉलेशन अयशस्वी.

काकांनी प्लग उपटला. मशीन चालू सोडून उठायचं नाही, हा दुकानाचा नियम. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी केव्हाच गेली होती, तो प्लगवरच जगत होता. पुन्हा लावला. पुन्हा पाऊण वाट, पुन्हा तेच.

भाचीने फोनवरून सगळे उपाय सांगितले. पेनड्राइव्ह बदलून झाला. मेमरीची पट्टी काढून घालून झाली.

"मामा, उघडला होतात तेव्हा काही काढलं नाहीत ना?"

"धुळीशिवाय काही नाही."

सातव्या खेपेला भाची थकली. "म्हातारा झालाय तो मामा. सोडून द्या. वर्षअखेरीला नवा बघू."

"मीही म्हातारा झालोय," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

बाई पलीकडून ऐकत होत्या. "राहू दे हो. मला कुठे एवढं वाचायचंय?"

चौतीस वर्षं वाचलेली बाई हे म्हणत होती. काकांनी आठव्यांदा प्लग लावला. रेघ अडली.

"काय म्हणतंय ते?" बाईंनी विचारलं.

"अयशस्वी म्हणतंय. आठही वेळा तेच म्हणालं."

"तेवढंच?"

"वर बारीक अक्षरात काहीबाही आहे."

"मग ते वाचा ना. बारीक अक्षरात कोणी उगाच लिहीत नाही." बाईंनी खुर्ची ओढली, पाठ ताठ केली. छापखान्यात एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि बाई समोरच्या प्रुफावर डोळा ठेवायच्या, तशा बसल्या. "काही गाळू नका. टिंबसुद्धा. अर्थ मी लावते."

काकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक इंग्रजी अक्षर सांगू लागले. इतकं सावकाश त्यांनी आयुष्यात काही वाचलं नव्हतं. एकही टिंब खाल्लं नाही.

"थांबा," बाई म्हणाल्या. "वाय-फायवरून मागवलेल्या फायलींची यादी 'अजून' वैध नाही, असं म्हणतंय. वैध नाही वेगळं, अजून नाही वेगळं. म्हणजे त्याच्या हिशेबाने यादीची तारीख अजून यायचीय." त्यांनी काकांकडे तोंड वळवलं. "अहो, त्याच्या घड्याळात किती वाजलेत?"

काकांचा हात हवेतच राहिला. त्याच्यात घड्याळ असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी तारीख शोधून काढली. एक जानेवारी. पंधरा वर्षांपूर्वीची.

मग ते उठले, खणातून एक काडेपेटी आणली आणि बाईंच्या तळहातावर उपडी केली. त्यातून गोल, चपटा सेल पडला.

"हे काय?"

"त्याच्या पोटात होता. जुना सेल पाझरतो, आतलं सगळं खातो. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाचा सेल आधी बाहेर काढायचा, हे चाळीस वर्षांचं... ते काढणं थोडंच असतं? ते हात धुण्यासारखं."

"म्हणजे तुम्ही प्लग उपटलात की घड्याळ चालवायला सेलच नाही, आणि बिचारा पंधरा वर्षं मागे जात होता."

"आठ वेळा धाडला मी त्याला."

"अख्ख्या गल्लीची घड्याळं लावलीत आणि घरातलं एक बंद पाडलंत," बाई म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. कितीतरी दिवसांनी.

त्या मापाचा नवा सेल काकांकडे नसता तरच नवल. तो बसवला, मनगटावरच्या घड्याळावरून सेकंद जुळवून वेळ लावली. रेघ नेहमीच्या जागी आली. बाईंनी काकांचा हात धरला. रेघ पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी भाचीने येऊन तेच पुस्तक लॅपटॉपमध्ये भरलं, आणि एक घोगरा आवाज बाईंना तेच अडलेलं पान वाचून दाखवत होता.

"हा स्वल्पविराम खात नाही हो."

"कवळी चांगली असेल त्याची."

"पण म्हातारी मेली की झोपली, ते याच्याही सुरावरून कळत नाही." मग त्यांनी स्वतःच चाचपून कळ दाबली आणि म्हातारीचं काय झालं ते पुढच्या पानावर ऐकलं.

भाचीने कागदावर अकरा कळा लिहून दिल्या होत्या. काकांनी बाईंच्या बोटांना धरून दहा शिकवल्या. अकरावी दाबली की मशीन वेळ सांगतं. ती ओळ काकांनी कात्रीने नीट कापली, घडी घालून काडेपेटीत जुन्या सेलशेजारी ठेवली आणि खण बंद केला. बाईंना कागद दिसणार नव्हताच, पण शिस्त ती शिस्त.

"अहो, किती वाजले?"

"चार वाजून बारा मिनिटं," काका म्हणाले. "आणि चाळीस सेकंद."