दादारावांचा हात

कापसाच्या ढिगातून धूर निघत होता आणि लोडरची चावी माझ्या हातात होती. मेन ऑपरेटर रजेवर. मी बदली.

आदिलाबादजवळच्या या जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी काढतात. कापूस वर दिसतो त्याहून आत जास्त धुमसतो. पाणी तिथपर्यंत पोचत नाही. पेटलेला भाग बाकीच्यापासून तोडायचा, हाच उपाय. तोही लोडरचं पुढचं सुपडं, म्हणजे बकेट, जमिनीलगत ठेवून, ढकलत. उचललं की आगीला हवा मिळते.

मॅनेजर म्हणाले, "ये नहीं. दूसरा ड्राइवर लाओ."

"दूसरा नहीं है साब. येइच जाएगा," दादाराव म्हणाले.

दादाराव आमचे फोरमन, इथल्याच तलमडुगु गावचे. मी साताऱ्याकडचा, शाळा सातवीत सुटलेली. लोडर त्यांनीच शिकवला. माझा डबाही त्यांच्याच घरून येतो. पण त्यांच्या हाताच्या इशाऱ्याशिवाय मी कधी लिव्हर हलवला नव्हता.

"भाऊ, वजनकाट्याच्या ओट्यावर उभं राहा. हात दिसू द्या."

"राह्यतो ना बे. तू चाल."

गाडी घातली. दोनदा हात दिसला. मग वारा फिरला आणि काच पांढरी झाली. उजवीकडे पेटलेला ढीग, डावीकडे चांगला, त्याला लागून मशीनचं शेड. शेड पेटलं तर जिनिंग बंद, आणि या परमुलखातलं माझं कामही. रिव्हर्स घ्यावा वाटलं. भाऊ बघतायत, चुकलो तर ओरडतील, असं स्वतःला सांगितलं. बकेट भरली की इंजिनचा आवाज दबतो, मोकळी झाली की सुटतो. त्या आवाजावर ढकलत राहिलो.

मधे वाट पडली. फायरवाल्यांचं पाणी तिथून आत गेलं. एक ढीग गेला, बाकी सगळं वाचलं.

उतरलो. ओट्यावर कोणी नव्हतं. दादाराव शेडकडून आले.

"मेन स्विच पाडाले गेल्तो. तू धुरात घुसला तवाच."

"मग ओट्यावरून मला कोण बघत होतं?"

"कोनी नाई." त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "लय दिवसाचं पाहून राह्यलो. तुही बकेट आंधी वळते, माहा हात मांगून उठते."

"मग सांगितलं का नाही, भाऊ?"

"सांगतलं असतं तं तू आयकला असता काय?"

नसतं ऐकलं.

अजूनही गाडी सुरू करताना मी ओट्याकडे बघतो. भाऊ दिसले की बरं वाटतं. नाही दिसले तरी आता गिअर टाकतो.