पानकातली पांढरी रम

या केसची खबर मला माझ्या बायकोने दिली, आणि तीही गात गात. म्हणून सगळ्या केसेसमध्ये हीच आधी आठवते. बायको जाऊन आता वर्ष होत आलं. घर खायला उठतं. पण ही केस आठवली की एकटाच हसतो.

मी तमिळ मुलखात, मैलापूरच्या ठाण्यात सबइन्स्पेक्टर होतो. शिकलो थोडं, शिपायापासून वर आलो. आम्ही तंजावरकडचे मराठी. रामनवमीला आमच्या बुवांच्या घरी भजन, मग पानक, म्हणजे गूळ, सुंठ, वेलदोडा घातलेलं गार पाणी. त्या दिवशी बायको तिथून गात गात आली आणि भर रस्त्यात माझा हात धरला. म्हणाली, "अहो, युनिफॉर्ममध्ये तुम्ही बरे दिसता. कधी सांगायचं राहूनच गेलं."

तोंडाला वास होता. हा वास ओळखण्यात माझी अर्धी नोकरी खर्ची पडली. दुसऱ्या दिवशी तिला सगळं कळलं, तेव्हा बजावलं की माझा जबाब घेतलात तर स्वयंपाक बंद. नाही घेतला.

तोवर ठाण्यात तक्रार आली होती, बुवांनी पानकात दारू कालवली म्हणून. म्हातारा माझ्यासमोर बसून रडला. म्हणाला, "नाव साफ होईपर्यंत चिपळ्या हातात धरणार नाही." पुन्हा गायला नसता तर तो माणूस वर्षभरात संपला असता. मला ते दिसत होतं.

पंचनामा केला, नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला, रम. पण रम तपकिरी असते, आणि बुवा म्हणत होते की विकतच्या पाण्याच्या कॅनमधून पाणीच ओतलं, स्वच्छ, बिनरंगाचं. खात्यातल्या एकाने सांगितलं, अशी बिनरंगाची रम आवडी गावाच्या पलीकडची एक जुनी डिस्टिलरी करते.

तिथे गेलो. मालक चौथ्या पिढीतला. पणजोबांची तांब्याची भट्टी त्याने देवघर दाखवावं तशी दाखवली. रम वर्षानुवर्षं लाकडी पिंपात मुरते, लाकडाचा रंग घेते, मग नारळाच्या करवंटीच्या कोळशातून गाळतात. रंग जातो, चव राहते. मी विचारलं, इतकं मुरवून रंग घालवायचा कशाला? म्हणाला, "पणजोबा म्हणायचे, रंगाला गिऱ्हाईक भुलतं. माझ्या रमला जिभेने पास करू दे." मला ते पणजोबा आवडले. मग साठा मोजायला लावला. बरीच रम कमी निघाली आणि मालकाचा चेहरा उतरला.

डिस्टिलरीत पिण्याचं पाणी कॅनने येई. आणणारा तोच, जो बुवांना पाणी देतो. त्याला ठाण्यात बसवला. मी विचारलं, गोदामातून उचललेल्या पाच कॅनमधला हाच कॅन बुवांकडे का दिलास? तर मलाच वेड्यात काढल्यासारखा बघायला लागला.

"सार, त्याला कुंकू लावलेलं होतं. कुंकू लावलेलं पाणी रामनवमीला देवाकडे नाही द्यायचं, तर कुठे द्यायचं?"

तिथे केस फुटली. डिस्टिलरीचा फोरमन गाळलेली रम पाण्याच्या कॅनमध्ये भरायचा आणि खराब पाणी म्हणून गोदामात परत धाडायचा. तिथल्या त्याच्या जोडीदाराला ओळखता यावं म्हणून वर कुंकवाचं बोट. त्या दिवशी जोडीदार गोदामात उशिरा पोचला, आमचा भक्त पाणीवाला आधी. फोरमनने पहिल्याच तासात कबुली दिली. दोघांना अटक झाली, पाणीवाल्याला मी चहा पाजून सोडला.

तेव्हापासून नव्या पोरांना मी एवढंच सांगत आलो. चोराची खूण सापडली की तिथे थांबू नका. ती खूण चोराने एका अर्थाने केलेली असते, बघणारा आपल्या श्रद्धेने वाचतो. दोन्ही माणसांच्या डोक्यात शिरल्याशिवाय तपास पुरा होत नाही.

पुढच्या रामनवमीला बुवांनी चिपळ्या घेतल्या आणि असे गायले की शेजारचे दारात येऊन उभे राहिले. गर्दी दुप्पट. पानक सगळ्यांनी आधी हुंगलं, मग प्यायलं. नुसताच गूळ आणि सुंठ. दोन-चार चेहरे पडलेले मी स्वतः पाहिले, आणि त्यातला एक माझ्या बायकोचा होता.