दुष्टांच्या बाजूचे शेठ

जुन्या हिंदी सिनेमातला खलनायक हा मुळात सज्जन माणूस होता आणि नायकानं, पोलिसांनी व लेखकानं संगनमत करून त्याला बदनाम केलं, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच निघेल, आणि तो माझा घरमालक होता. मंचरच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आले, आजोबांनी खांद्यावर तागे टाकून गावोगाव कापड विकलं, वडिलांनी दुकान थाटलं, आणि आमच्या शेठनी त्या दुकानात लक्ष्मीच्या शेजारी एका टक्कल पडलेल्या, डोळे वटारलेल्या खलनायकाचा फोटो टांगला. त्याला उदबत्ती ओवाळली जात नसे, एवढंच. पण लक्ष्मीला ओवाळताना शेठचा हात जरा जास्तच लांब फिरतो, असं त्यांच्या पत्नीचं म्हणणं होतं.

मी बँकेत बदली होऊन मंचरला आलो आणि त्यांच्या मागच्या दोन खोल्या बघायला गेलो, तेव्हा शेठनी ना नळाची वेळ सांगितली, ना भाडं. त्यांनी विचारलं, "साहेब, पिक्चर बघता का?" बघतो म्हटलं. "कोणासाठी?" मी माझ्या लाडक्या नायकाचं नाव घेतलं. दूध नासल्याचं कळल्यावर गृहिणीचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असू दे. वय आहे तुमचं. सुधाराल." आणि खोली दिली.

मला सुधारण्याचं काम त्यांनी त्याच संध्याकाळपासून हाती घेतलं. "साहेब, नीट विचार करा. हिरो सकाळी उठतो, आईच्या हातचा गाजराचा हलवा खातो. गाजर आम्ही खात नाही, ते सोडा. मग तो डोंगरावर जाऊन गाणं म्हणतो. आता दुसऱ्याकडं बघा. कारखाना त्याचा, हॉटेल त्याचं, बंदरावरची जहाजं त्याची. हाताखाली ढीगभर माणसं, सगळ्यांना एकसारखे कपडे. ते कापड कोणी पुरवलं? आपल्यासारख्याच कोणीतरी ना? शेवटच्या रिळात पोलीस येतात आणि सगळ्यांना जीपमध्ये कोंबून नेतात. त्यांच्या बायकापोरांनी काय करायचं? ते दाखवतो का कोणी?" हे सगळं बोलताना ते वाटेतल्या मुंग्यांच्या रांगेला पाय लागू नये म्हणून चप्पल हातात घेऊन उभे होते. कारण एवढ्या दुष्टांची बाजू घेणारा हा माणूस सूर्य मावळायच्या आत जेवणारा, कांदा-लसूण न शिवणारा आणि झुरळालासुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारा होता. पडद्यावर खलनायकानं पिस्तूल काढलं की शेठ डोळे मिटून घ्यायचे. गोळीचा आवाज झाला की हळूच म्हणायचे, "हे तेवढं त्याचं चुकतं."

ते सांगायचे त्या काळात मंचरचं निम्मं गाव सिनेमातल्या कुणाचं तरी झालेलं होतं. केस कापायच्या दुकानात पोरं कपाळावरची बट कुठल्या नायकासारखी हवी ते सांगून खुर्चीत बसत. बायका दुकानात येऊन साडीचा रंग सांगतच नसत. "ती झोपाळ्यावर बसून रडते बघा, तेव्हा नेसलीय तसली द्या," म्हणत, आणि शेठना ती कुठली हे बरोबर कळे. ते साडी काढत, समोर पसरत, आणि मग न राहवून म्हणत, "ताई, त्याच पिक्चरमधल्या खलनायकाच्या बहिणीची दाखवू का? पोत भारी आहे. रडायलाही चालते आणि कामालाही." गिऱ्हाईक उठून शेजारच्या दुकानात जाई. शेठना त्याचं दुःख होत नसे. तत्त्वासाठी माणसानं एखादी साडी गमवावी, असं त्यांचं मत होतं.

बेल्ह्याच्या आठवडे बाजारात ते टेम्पोनं कापडाचे गठ्ठे घेऊन जात. एकदा मीही सुट्टी म्हणून सोबत गेलो. तिथं एका व्यापाऱ्यानं रंगवलेल्या शिंगांचा एक पांढराशुभ्र खोंड उभा केला होता आणि त्याला सरळ एका गाजलेल्या नायकाचं नाव ठेवलं होतं. "या राव, बघा, नुसता हिरो हाय हिरो! चाल बघा, मान बघा!" असा त्याचा पुकारा चालला होता. गिऱ्हाईक जवळजवळ पटलं होतं. तेवढ्यात शेठ आपला कापडाचा पसारा सोडून तिथं गेले आणि कळकळीनं त्या शेतकऱ्याला म्हणाले, "भाऊ, हिरो आहे म्हणतोय तो. मग नांगर कोण ओढणार?" तो शेतकरी विचारात पडला आणि पुढं निघून गेला. त्या व्यापाऱ्यानं पुढं आठवडाभर शेठच्या नावानं खडे फोडले असतील. त्या दिवशी मात्र त्यानं शेठना काय काय म्हटलं, ते इथं लिहिता येत नाही.

खलनायकाचं ते गडगडाटी हसणंही त्यांनी बसवलं होतं. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की ते कमरेवर हात ठेवून एकदा हसत. पण छाती दम्याची, त्यामुळे तिसऱ्या 'हा'ला ठसका लागे. त्यांचं हसणं ऐकून कधी कोणी घाबरलं नाही. समोरचा औषधवाला तेवढा खोकल्याच्या गोळ्या घेऊन रस्ता ओलांडी.

आणि जिना! जुन्या सिनेमातला श्रीमंत बाप कुठून येतो? वरून येतो. रेशमी गाऊन घालून, कठड्यावर हात ठेवून, गोल जिन्यावरून एक एक पायरी उतरत येतो आणि खाली उभ्या असलेल्या गरीब पोराला त्याची लायकी सांगतो. शेठचं घर बाजारपेठेतलं, रुंदीला जेमतेम एका टेम्पोएवढं. तरी घराची डागडुजी काढली तेव्हा त्यांनी तिथं गोल जिना घातलाच. बैठकीची खोली जिन्यानं गिळली, सोफा त्याच्या पोटाखाली गेला, आणि येणारा पाहुणा उठताना डोकं आपटून घेऊ लागला. गवंड्यानं विचारलं होतं, "शेठ, वर काय हाय?" "कापडाचे गठ्ठे." "मंग ह्यो एवढा जिना कुनाला?" शेठ म्हणाले, "मला उतरायला."

तर असा हा माणूस. त्याला एकच मुलगी, शीतल. हुशार, हसरी, शेतीच्या कॉलेजात शिकलेली. कॉलेजातच तिचं जुन्नरकडच्या डिंगोरे गावच्या संतोषशी जमलं. तो शेतकऱ्याचा मुलगा, टोमॅटोची, फ्लॉवरची रोपं तयार करून विकायचा. रोपवाटिका चांगली चालली होती. शीतलनं आईला सांगितलं, आईनं मला सांगितलं, आणि शेठना सांगायचं काम, भाडेकरू म्हणून, माझ्यावर आलं.

मी सांगितलं. शेठनी हातातली कात्री खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "पोरगा गरीब आहे का?"

"नाही हो. स्वतःची चारचाकी आहे."

"हे वाईट झालं," शेठ म्हणाले.

मी हसलो, पण ते हसले नाहीत. पुढचे काही दिवस ते दुकानात तागे उलगडत आणि पुन्हा गुंडाळत बसले. पुण्याच्या भावांचे फोन येत होते. जातीबाहेर मुलगी दिलीस तर आमचं तुझं संपलं, असं थोरल्या भावानं स्पष्ट सांगितलं होतं. एका दुपारी मला म्हणाले, "साहेब, सगळ्यांना वाटतं मला नाही म्हणायला आवडेल. सगळा जन्म नाही म्हणणाऱ्यांची बाजू घेतली ना मी." मी विचारलं, "मग काय म्हणणार?" ताग्यावरून हात फिरवत ते म्हणाले, "नाहीच म्हणावं लागेल. भाऊ आहेत. बोलवा त्या पोराकडच्यांना."

रविवारी दुपारी संतोष आणि त्याचे वडील आले. वडिलांना घरी सगळे आबा म्हणत. उंच, काटक माणूस, पांढरी टोपी, हातात स्वतःच्या शेतातल्या वालाच्या शेंगांची पिशवी. शेठच्या आग्रहावरून मीही जिन्याखाली सोफ्यावर बसलो होतो. शीतल आईबरोबर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आणि मग वरून शेठ अवतरले. दुकानातल्याच जांभळ्या साटीनचा पायघोळ गाऊन, कमरेला गोंड्याची दोरी, हात कठड्यावर. पायरी, थांबणं. पायरी, थांबणं. चेहरा असा, की गठ्ठ्यांच्या खोलीत आरशासमोर सकाळपासून घोटला असावा. जिना वळतो तिथं ते आले, त्यांनी श्वास घेतला, आणि तोंड उघडणार तेवढ्यात आबा उभे राहिले.

"शेठ, तुमी खाली येऊस्तवर दम निघंना. आदी माझं ऐका. ह्ये लगीन आमाला मान्य न्हाई."

शेठ वळणावरच थिजले. "काय म्हणालात?"

"मान्य न्हाई म्हनलं."

"अहो, पण हे मी म्हणायचं होतं!" शेठच्या तोंडून गेलं.

"मंग म्हना की. तुमाला कुनी धरलंय? दोघंबी म्हनू."

संतोषनं कपाळाला हात लावला. एवढ्या वर्षांत पाहिलेल्या एकाही सिनेमात मुलाचा बाप असं आधी बोलून मोकळा झाला नव्हता. "पण का मान्य नाही?" त्यांनी विचारलं, आणि आवाजात भलताच राग होता.

"राग धरू नका, पावणं. पोरगी लई गुनाची हाय, आमी बघितली. पर ती कांदा खात न्हाई, बटाटा खात न्हाई, दिस मावळल्यावर घास घेत न्हाई. आमच्या घरी मानसं रानातनं येत्यात आठ वाजता. सगळी जेवाया बसनार आन ही कोपऱ्यात उपाशी? लोकं म्हनतील, डिंगोऱ्यात दुसऱ्याची लेक आनून उपाशी मारली. मला ते बघवायचं न्हाई."

शेठ खाली यायला निघाले, भराभर, आणि शेवटच्या पायरीवर गाऊनमध्ये पाय अडकून कोसळणार तोच संतोषनं त्यांना दोन्ही हातांनी धरलं. पण शेठचं तिकडं लक्षच नव्हतं. "उपाशी? माझी मुलगी? अहो, ती ओसाड माळावर ठेवली तरी चार माणसांना जेवू घालील! दहावीला होती तेव्हा मी आजारी पडलो. दुकान तिनं चालवलं, आईला तिनं सांभाळलं, आणि परीक्षेत पहिली आली. तुमच्या घरातले सगळे आठला येतात ना? वर्षभरात सगळे सहाला येतील, लिहून देतो! अशी सून तुम्हाला जुन्नर तालुका पालथा घातला तरी मिळणार नाही. आणि तुम्ही नाही म्हणता?"

दम लागला म्हणून ते थांबले. स्वयंपाकघराच्या दारात शीतल ओढणीत तोंड खुपसून रडत होती. बापाच्या तोंडून स्वतःबद्दल एवढं तिनं कधीच ऐकलं नव्हतं. आबांनी पिशवी खाली ठेवली.

"बरं. ऱ्हायलं. मंग तुमचं काय म्हननं हाय? तुमी तर न्हाई म्हनायलाच उतरला व्हता."

शेठ पायरीवर बसले. त्या गाऊनमध्ये ते अचानक लहान दिसायला लागले. त्यांनी मुलीकडं पाहिलं. "शीतल, तुला तिथं जायचंय?"

"हो, पप्पा."

"तुझे काका येणार नाहीत लग्नाला."

"माहिताय, पप्पा."

"मग माझं काय चालतंय," शेठ म्हणाले.

"आन माझं?" आबांनी मुलाकडं बघितलं.

"तुमचंबी न्हाई, आबा," संतोष म्हणाला, आणि उठताना माझं डोकं जिन्याला आपटलं, त्यावर सगळे हसले. एवढा वेळ कोंडून धरलेलं हसू होतं ते.

लग्नाला भाऊ खरोखरच आले नाहीत. शेठच्या नातेवाइकांसाठी राखलेल्या पुढच्या रांगा आबांनी डिंगोऱ्याच्या माणसांनी भरून टाकल्या. हे त्यांनी कुणाला न सांगता केलं. दिवस कलायच्या आत पंगती उठल्या. मुलगी निघाली तेव्हा शेठ रडले नाहीत. गाडी वळून दिसेनाशी झाली आणि मांडववाल्याची माणसं उभी असताना ते स्वतःच खुर्च्या एकात एक घालू लागले. मी थांबवायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या साहेब. हाताला काहीतरी पाहिजे."

त्यानंतर माझी बदली झाली. फोनवर बोलणं व्हायचं. थोरल्या भावानं पुढं कधी फोन केला नाही, आणि शेठनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मग साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे नेले. दुकान भाड्यानं गेलं आणि शेठ-शेठाणींचा मुक्काम बहुतेक डिंगोऱ्यालाच पडू लागला.

मागच्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. दुपारची वेळ होती. शीतल रोपवाटिकेत होती, तिचा मोठ्यानं सूचना देण्याचा आवाज शेडमधून येत होता. पडवीत टीव्हीसमोर दोन म्हातारे शेजारी शेजारी बसले होते. एक जुना सिनेमा लागला होता, शेवटाकडं आलेला. शेठना आता पडदा म्हणजे नुसता उजेड. त्यांना सिनेमा आबा सांगत होते. मी आल्याचं आबांनी पाहिलं आणि हातानंच, बसा, म्हणून खुणावलं.

"आता काय चाललंय?" शेठनी विचारलं.

"तुमचा मानूस हाय. ऐटीत खुर्चीत बसलाय."

"कोट कसला?"

"पांढरा. कापड भारी दिसतंय."

मी पडद्याकडं पाहिलं. तो माणूस पांढऱ्या कोटासकट काचेच्या टेबलावर कोसळत होता आणि नायक त्याच्या उरावर बसून त्याला बुकलत होता.

"हा आवाज कसला?"

"गडी कपाटं हलवत्यात."

जीपचे भोंगे वाजू लागले. शेठनी मान वर केली. "पोलीस आले ना, आबा?"

"आलं व्हतं," आबा म्हणाले. "त्यांचा पत्ता चुकला. गेलं म्हागारी."

तो सिनेमा शेठनी किती वेळा पाहिला होता हे मला माहीत होतं. त्यातलं कुठलं दार कधी वाजतं, हेही त्यांना पाठ होतं. त्यांनी चाचपत हात पुढं केला आणि व्याह्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"मग आता घरी जाईल तो," शेठ म्हणाले. "बायको वाट बघत असेल."

"बगतीया की, दारातच उबी हाय," आबा म्हणाले, आणि रिमोट उचलून त्यांनी टीव्हीचा आवाज हळूहळू कमी केला.