मामांचा नाडा आणि ताईची वरात

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला घास उतरणार नाही, म्हणून हातातलं सगळं टाकून लिहायला बसलेय. अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घ्या. तर ऐका. अख्ख्या वऱ्हाडात फुटबॉलसाठी माझ्या मामांइतका जीव टाकणारा माणूस दुसरा नाही, आणि माझ्या मामांनी परवापरवापर्यंत फुटबॉलचा एकही गोल पाहिलेला नव्हता! शप्पथ. मैदान त्यांच्या दुकानाला लागून, सामना असला की दुपारपासून मामा तिथे हजर, शेवटच्या शिट्टीपर्यंत जागचे हलत नाहीत. पण पाठ मैदानाकडे आणि तोंड रस्त्याकडे. इकडे माणसं झाडावर चढून सामना बघतात, आणि मामा बघतात बैलांचे कान.

म्हणजे त्याचं असं आहे. खामगावात चिखलीच्या रस्त्यावर मामांचं ढेप-सरकीचं दुकान आहे. ढेप विकत घेतो माणूस आणि खातो बैल, पण मामांच्या लक्षात फक्त बैल राहतो. कुणी रामराम केला की मामा गोंधळून बघत राहतात, मग त्या माणसामागची जोडी दिसली की चेहरा एकदम खुलतो, "अरे, तुमी होय! उजव्याचा खोकला गेला का?" काही वर्षांमागे सामना चालू असताना गोल झाला, माणसं ओरडली, आणि रस्त्यानं जिनाकडे निघालेल्या कापसाच्या गाडीचे बैल बुजून गाडीसकट मामांच्या दुकानात शिरले. माणसं वाचली, पण एका बैलाचा पाय गेला. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्या सामन्याला त्यांनी दुकानातला जाडजूड नाडा, म्हणजे गाडीचा दोरखंड, काढला, एक टोक लिंबाच्या झाडाला, दुसरं समोरच्या दगडी खांबाला बांधलं, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं, "शिट्टी होये परयंत जुपलेली गाडी पुढं जाणार नाई!" कोणाच्या हुकमानं, असं एका शिपायानं विचारलं. मामा म्हणाले, "बैलाच्या."

तेव्हापासून सामन्याचा दिवस म्हणजे मामांचं राज्य. गाडीनं आलात, तर आधी जू उतरवायचं, बैल लिंबापलीकडे बांधायचे, तोंडं मैदानाच्या उलट्या बाजूला. गाड्या एका रांगेत. सायकली आडव्या निजवायच्या, कारण "उभी सायकल पडते, निजलेली काय पडन?" आमच्या शाळेच्या मास्तरांनी एकदा ऐटीत सायकल झाडाला टेकवली, तर मामांनी ती लहान लेकरासारखी उचलून सरळ गवतात झोपवली. एका जिनवाल्या शेठची नवीकोरी मोटर आली, तर तिचंही तोंड फिरवायला लावलं. ड्रायव्हर हसला, "मामा, ही काय बुजते?" मामा म्हणाले, "तिच्या पोटात काय हाय, तुले माहीत हाय का बे? मंग?" आणि चाकापुढे दगड लावून जाता जाता सवयीनं तिच्या टपावर दोनदा थोपटलं. स्कोर विचारावा तर मामांनाच. लांब आरडाओरडा झाला आणि बैलांचे कान ताठ झाले, म्हणजे आपला गोल. आवाज मध्येच तुटला आणि कान पडले, म्हणजे त्यांचा. मागे वळून बघायची गरजच नाही!

आमच्या ताईचं लग्नसुद्धा मामांनी असंच जमवलं. उंद्रीचं स्थळ आलं, पाहुणे बैठकीत बसले, बाबा मुलाचं शिक्षण आणि जमीन विचारत होते, आणि मामा गायब. सापडले कुठे, तर अंगणात, पाहुण्यांच्या पांढऱ्या जोडीच्या खांद्यावरून हात फिरवत. आत येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "खांद्यावर एक वळ नाई. जुवाले कापड गुंडाळून ठेवलं हाय. पोरगी डोळे मिटून द्या." आई लाजेनं अर्धी झाली. पण ताई दाराआडून हसली, आणि ठरलं.

आता खरी गोष्ट. लग्न माघातलं, गोरज मुहूर्त. आणि पत्रिका वाटून झाल्यावर कळलं की आमच्या गावाची अकोल्याशी फायनल त्याच दिवशी! आई म्हणाली, "दादा, त्या दिवशी नाडा दुसऱ्याच्या हाती दे. नवरीले मामानंच बोहल्यावर आणा लागते." मामा म्हणाले, "मॅच ऊन हाय तवाच सरते. पोचतो मी." आईनं माझ्याकडे बघून डोळे फिरवले.

वरात सकाळीच यायची होती. आली नाही. नवरदेवाच्या दमणीच्या, म्हणजे छपराच्या हलक्या बैलगाडीच्या, चाकाची लोखंडी धाव वाटेत निघाली, त्यात त्यांची दुपार गेली. इकडे सूर्य उतरायला लागला, ताई अष्टपुत्री नेसून बसलेली, वरातीचा पत्ता नाही आणि मामांचाही नाही. आईनं मला पिटाळलं, "जा माय, धाव, मामाले घेऊन ये!" मी नव्या साडीचा ओचा धरून जी सुटले, ती मैदानाजवळ पोचते तर काय! नाड्याच्या अलीकडे मामा, पलीकडे आमची वरात. दमणीत मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, आणि समोर त्याचे वडील लालबुंद.

"व्याही, वळखलं नाई काय? मी नवरदेवाचा बाप!"

"वळखलं नं. पांढऱ्या जोडीवरून दुरूनच वळखलं," मामा हात जोडून म्हणाले. "बैल सोडा."

"अन् मुहूर्त?"

"शिट्टी झाली का रस्ता मोकळा."

"कवा होते तुमची शिट्टी?"

मामांनी बैलांच्या कानांकडे पाहिलं. "अजून दोघायचं शून्यच हाय. येळ लागन."

मागची वाट कापसाच्या गाड्यांनी तुंबलेली. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "मामा, चला नं! ताई वाट पाहून राह्यली!" ताईचं नाव ऐकल्यावर मामांचा चेहरा जो उतरला! आणि तेवढ्यात व्याही कडाडले, "माह्या पोराच्या लग्नात फुटबॉल आडवा येते? फिरवा रे गाड्या! चला उंद्रीले!" आणि खरंच हो, त्या गर्दीतही मागच्या गाड्या वळायला लागल्या. ताई तिकडे हळद लावून बसलेली! मामांचा हात नाड्याच्या गाठीवर गेला. मला वाटलं, सोडतात आता. पण गाठीवरच थांबला. मग मामा नाड्याखालून वाकून पलीकडे गेले, नवरदेवाच्या दमणीचं जू उतरवलं, पांढरी जोडी लिंबाला बांधली, आणि म्हणाले, "बंदी बैलाले हाय. माणसाले नाई." एवढं बोलून त्यांनी वाकून जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं! "दुसरा खांदा कोणाचा?"

व्याह्यांनी मामांकडे पाहिलं, आपल्या बैलांकडे पाहिलं, काठी कुणाच्या तरी हातात दिली आणि दुसऱ्या बाजूनं मान घातली.

"पोरी, नाडा सोड, अन् आमी गेलो का लगेच बांध!" मामा जुवाखालून ओरडले. मी सोडला, दमणी गेली, मी बांधला आणि मागे धावले. रस्ता तिथून मैदानाच्या कडेकडेनंच जातो. दोन व्याही धापा टाकत जुंपलेले आणि वर नवरदेव, हे बघायला सगळं मैदान मागे वळलं. झाडावरचे वळले. अकोल्याचा गोलकीसुद्धा वळला! आणि मामा जुवाखाली, मान वळवायची सोय नाही, वळणावर त्यांचं तोंड नेमकं मैदानाकडे. एकदम ओरडले, "गेला! आत गेला!" कोणाला काही कळेना. शिट्टी झाली तेव्हा समजलं की आपला गोल झाला. रेफ्री आणि मामा सोडले तर तो धड कोणी पाहिलाच नाही. मग जो काय आरडाओरडा उठला! मागे लिंबाखाली ती पांढरी जोडी अशी उसळली की दोर तुटतो का काय. व्याह्यांनी जू क्षणभर खांद्यावरून उचलून मागे पाहिलं. म्हणाले, "चला व्याही, पाय उचला." त्यानंतर मांडवापर्यंत ते कुठे थांबले नाहीत.

मुहूर्त साधला. मामा घामाघूम, अंगरखा खांद्यावर फाटलेला, तसेच ताईचा हात धरून तिला बोहल्यावर घेऊन आले. मंगलाष्टकं चालू असताना तिच्या मागे उभं राहून हळू आवाजात तिला गोल सांगत होते, आणि ताईच्या मुंडावळ्या हसण्यानं हलत होत्या. नंतर आईनं त्यांच्या खांद्यावरच्या वळाला उरलेली हळद लावली. "दादा, तुह्या खांद्यावर वळ हाय," आई म्हणाली, "तुले कोणी पोरगी देणार नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई निघाली. आम्ही सगळे मागे मागे मैदानापर्यंत चालत गेलो. मैदान रिकामं, एक शेळी चरत होती. आणि रस्त्यावर, लिंबापासून खांबापर्यंत, नाडा बांधलेला. मधोमध मामा उभे.

"रस्ता बंद हाय," मामा म्हणाले.

ताईनं दमणीतून डोकं बाहेर काढलं. "मामा, आज मॅच नाई."

"माहीत हाय मले."

व्याह्यांनी कासरा ढिला सोडला आणि थांबून राहिले. मामा पांढऱ्या बैलांपाशी गेले, जुवावरचं कापड नीट केलं, दोघांच्या खांद्यांवरून हात फिरवला. मग गाठ सोडायला लागले. एरवी एका झटक्यात सुटणारी ती गाठ, आज त्यांना सुटता सुटेना.

दमणी वळणाआड गेली तरी मामा नाडा गुंडाळतच होते, रस्त्याकडे पाठ करून आणि तोंड रिकाम्या मैदानाकडे.

मला आता सांगा, तुमच्या ताईच्या वाटेतही कोणी असा नाडा बांधला होता का हो? आणि तो सोडला कोणी?