म्हशीच्या पोटातली डोंबिवली

आंबिवलीहून डोंबिवलीला निघाले त्या सकाळी माझ्या हातांत कोंबड्याचे पाय होते. नवरा न्यायला आलेला, जावयाला जेवू घालायचं, म्हणून दादानं सुरी उचलली आणि आईनं पाय मला धरायला लावले. मान गेली तरी पाय थांबेनात. माझ्या मनगटावर नखं ओढत राहिले. मी तोंड फिरवलं. आई चुलीजवळूनच म्हणाली, "मारताना तोंड फिरवशील तं पानावर बसू नको." मग बघितलं. जेवलेही, दोनदा रस्सा मागून. आणि त्यानंतर अशी रडले, जणू मला बोटीत घालून परमुलखात नेत होते. चार स्टेशनं, ईशाबाई! माझी नात म्हणवतेस, पण टोरांटोला निघालीस तेव्हा तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

परवा व्हिडिओ कॉलवर तू मैत्रिणींना माझा स्टीलचा डबा दाखवलास. आमची आजी प्लास्टिक वापरत नाही, मटण महिन्यातून एकदाच खाते, असं कौतुक चाललेलं. मी गालातल्या गालात हसत होते. आता खरं काय ते वाच.

डोंबिवलीत चार-पाच वर्षांत मी पुरती बाईसाहेब झाले. मजल्यावर सगळे शाकाहारी. त्यांना दिसू नये म्हणून मटणवाला एकात एक दोन काळ्या पिशव्या घालून द्यायचा. मी दुकानाकडे पाठ करून उभी राहायचे. मागे सत्तूर आपटायचा, हाड फुटायचं, आणि बाईसाहेब समोरच्या दुकानातले गाऊन न्याहाळत असायच्या. न बघता आणणं सोपं, म्हणून खाणंही वाढलं. बुधवार, शुक्रवार, रविवार. रक्त दिसलं नाही की माणूस सुधारला, अशी माझी समजूत.

पिशव्या मात्र टाकवत नसत. त्यांत भाजीची सालं, देठं, शिळ्या पोळ्या भरून रविवारी दादाच्या म्हशीला न्यायचे. केवढी माया! दादा बजावायचा, पिशवी सोडून गव्हाणीत ओत. सुरुवातीला ओतायचे. मग साडीवर डाग पडायला लागले, बोटांना वास यायला लागला. दादा शेतावर असायचा. मी गाठ मारलेली पिशवी लांबूनच गव्हाणीत भिरकावून वहिनीच्या हातचा चहा प्यायला आत पळायचे. म्हैस फाडून खाईल, असं वाटायचं. ती फाडत नव्हती. मटणाच्या रक्तानं खारट झालेल्या पिशव्या ती अख्ख्या गिळत होती.

एका रविवारी दोन पिशव्या घेऊन पोचले, तर म्हैस आडवी. पोट टम्म, जीभ बाहेर, खुरांनी जमीन खणत होती. गाभण होती. दादा तिच्या मानेवर ओणवा होऊन हाका मारत होता. गुरांच्या डॉक्टरांनी कुशीत जाड सुई खुपसली तशी हवा फुसफुसली, आणि तिनं डोकं इतक्या जोरात आपटलं की दादाचा ओठ फुटला. मग संपलं. कशानं गेली ते बघायचंच, म्हणून दादानं पोट फाडायला लावलं आणि खांद्यापर्यंत हात स्वतः आत घातला. बाहेर आला तो कलिंगडाएवढा गोळा. काळा, सुतळीत पिळलेला, आणि त्यातून मी साड्या घ्यायचे त्या दुकानाची पिवळी पिशवी लोंबत होती. त्यावर 'डोंबिवली' अजून वाचता येत होतं. नंतर पारडू बाहेर काढलं. ते मी लिहीत नाही.

मी काय म्हणाले असेन? "पिशव्या काय, सगळीकडेच असतात." हातात दोन धरून.

दादानं गोळा उचलला आणि माझ्या छातीवर हाणला. "यो तुजाच हाय. घरी ने नि शिजव."

मी उताणी पडले. कोणी उठवलं नाही. वहिनीनं हात धुवायला पाणीसुद्धा दिलं नाही. त्या वर्षी भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही, पुढच्या वर्षीही नाही. आई तोवर गेलेली. दादाचं दार कायमचं मिटलं असतं, तर आंबिवली माझ्यापुरती नुसती स्टेशनावरची पाटी उरली असती.

मटण सोडलं नाही. मी काही साध्वी नव्हे. पण डबा घेऊन गेले आणि सत्तुराकडे तोंड करून उभी राहिले. पहिल्या दिवशी बाहेर येऊन ओकले. बघून खायचं म्हटलं की फार खाववत नाही, बाकी त्यात काही थोर नाही.

तिसऱ्या भाऊबीजेला न बोलावता गेले, लोखंडी बादलीत सालं घेऊन. दादा दाराच्या पायरीवर आडवे पाय पसरून बसलेला. म्हणाला, "पयलं सगलं खाली ओत." ओतलं. बादली, खांद्यावरची झोळी, पर्ससुद्धा. त्यानं काठीनं एकेक साल उलटंपालटं केलं. त्यात गोळीचा एक चमकता कागद निघाला. तो त्यानं माझ्या डोळ्यांपुढे धरला, स्वतःच्या खिशात कोंबला आणि पाय आखडून घेतले.

तेव्हापासून प्रत्येक वेळी हेच. तुझी गुणाची आजी या झडतीच्या धाकानं घडली आहे.

तू विचारत होतीस, आजी, तुझं घर नक्की कुठलं? डोंबिवलीत मला कोणी अडवत नाही, उलट उठून खुर्ची देतात. आंबिवलीत पंचाहत्तरीचा म्हातारा अजून वाट अडवून बसतो. आता त्याला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून माझी झोळी बोटांनी चाचपतो. माझ्यावर त्याचा विश्वास नाही, आणि बसूही नये. चाचपून झालं की तो पाय जवळ घेतो. तेवढ्या जागेतून मी आत जाते.