सासऱ्यांस पत्र, ब्रेकमार्गे

दिनांक पहिला: १९८५ सालच्या दसऱ्याआधीचा गुरुवार. दिनांक दुसरा: त्याच आठवड्यातला रविवार. जबाबदार व्यक्ती क्रमांक एक: हिरामण, मोटारींच्या वायरिंगचे काम करणारा, मुक्काम नेरूळ गाव. जबाबदार व्यक्ती क्रमांक दोन: सुरेश, माझ्या पत्नीचा सख्खा भाऊ. या दोघांनी, कोणतीही पूर्वसूचना न देता, माझ्या सासऱ्यांसमोर माझी जी अवस्था केली तिची तड आजवर लागलेली नाही. आणि मी प्रकरण सोडून देणाऱ्यांपैकी नाही!

आम्ही गिरगाव सोडून नेरूळच्या कोऱ्या फ्लॅटमध्ये आलो त्याला दोन वर्षे झाली होती. तेवढ्या काळात माझे सासरे आबा (साताऱ्याच्या कोर्टातले निवृत्त नाझर) एकदाही घर पाहायला आले नव्हते. "खाडीपलीकडं माणसं राहत नाहीत, मिठागरं असतात," असा निकाल त्यांनी साताऱ्यात बसून दिला होता. आणि अचानक त्यांचे कार्ड आले: "रविवारी पनवेल स्टँडवर उतरतो. एक कप चहा घेईन. चारच्या गाडीने परत."

कुमुदने, म्हणजे माझ्या पत्नीने, ते कार्ड तीनदा वाचले आणि ती स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते.

"एका कपावर त्यांना जाऊ द्यायचं नाही," ती म्हणाली. "काय वाटेल ते करा. फक्त त्यांच्याशी वाद घालू नका!"

मी मोटार सजवायचे ठरवले. आबांना वारा लागावा म्हणून छोटा पंखा, अभंग ऐकता यावेत म्हणून टेप, आणि पुढे दोन पिवळे दिवे. (धुक्यासाठी. नेरूळला तेव्हा धुके पडत नसे, पण दिवे शोभत.) काम हिरामणला दिले आणि त्याच्याकडून अकरा कलमी करारनामा सही करून घेतला. कलम चार असे: हेडलाइट, हॉर्न, इग्निशन, वायपर, इंडिकेटर व आतला दिवा यांच्या तारांस हात लावू नये.

"काका, येवऱ्या तारा सोरल्या तं करंट आनू कुठून?"

"तो तुझा प्रश्न. सही कर."

गुरुवारी संध्याकाळी त्याने गाडीत बसून टेप वाजवून दाखवला. "ऐका, काका! गारी झकास झाली हाय!" खरोखरच खणखणीत आवाज होता. मी गाडी घरी आणली, इमारतीखाली उभी केली, टेप लावला. आवाज नाही!

पुढले दोन दिवस मी दोषशोधनास वाहिले. काचेचा फ्यूज तीनदा बदलला. बॅटरीच्या टोकांवर गरम पाणी ओतून ती ब्रशने घासली (ब्रश कोणाचा होता यावरून घरात वेगळे प्रकरण उभे राहिले). रंग खरवडून अर्थिंगची तार नव्याने आवळली. बल्बला दोन तारा जोडून प्रत्येक जोड तपासला. पंखा फिरे, दिवे लागत, टेप मुका! हे सर्व मी दार उघडे ठेवून, दोन्ही पाय बाहेर फुटपाथवर टेकवून करीत होतो, ही बाब पुढे महत्त्वाची ठरली. अखेर हिरामणला दोन पानी नोटीस लिहिली. तो लग्नाला उरणला गेला होता.

रविवारी कुमुद आणि मी पनवेल स्टँडवर हजर झालो. (मुक्या टेपमधली कॅसेट मी आधीच काढून ठेवली होती; टेप रिकामा होता.) आबांना घेऊन सुरेश उतरला. बरोबर भुईमुगाच्या शेंगांचे पोते! (एक कप चहाला!) ते डिकीत कोंबून आम्ही निघालो. आबा पुढे, भाऊबहीण मागे. कळंबोलीजवळ पुढचा ट्रक थांबला, मी ब्रेक दाबला, आणि डॅशबोर्डमधून माझाच आवाज खणखणला:

"तीर्थरूप आबांना साष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, आपण..."

मी दचकून पाय काढला. शांतता.

"कोण बोललं?" आबा.

"मी नाही," सुरेश.

"आवाज जावईबापूंचा होता. तोंड मात्र मिटलेलं होतं."

दोन दिवसांत न सापडलेला दोष मला एका क्षणात सापडला. करंट ब्रेकच्या दिव्याच्या तारेतून घेतला होता! ब्रेक दाबला की टेप चालू, सोडला की बंद. पण याहून भयंकर शोध दुसरा होता. माझी पत्रे मी आधी घरच्या टेपरेकॉर्डरवर बोलून मग कागदावर उतरवीत असे. आबांना रागाच्या भरात एक पत्र असेच बोललो होतो. कुमुदने ते लिहूच दिले नाही, पण माझा आवाज राहिला होता 'अभंग' असे लेबल असलेल्या कॅसेटवर. आणि तीच आत होती!

कॅसेट बाहेर काढायचे बटण दाबले. ते आत गेले आणि आतच राहिले. खारघरजवळ म्हशी आडव्या आल्या.

"...गेली दोन वर्षे आपल्या मुलीच्या घराची पायरी चढला नाहीत. हा हेतुपुरस्सर केलेला अपमान असून, त्याबद्दल आपणांस..."

यापुढे मी हॅण्डब्रेकने गाडी आवरू लागलो. दर वेळी आबांचे कपाळ काचेशी जाऊन परत येई.

"जावईबापू, ब्रेक पायानं दाबा."

"आबा, रस्ता मोकळा आहे."

"असू दे मोकळा! 'त्याबद्दल आपणांस' काय? वाक्य अर्धं ठेवू नये. जन्म कोर्टात गेला माझा. दाबा!"

बेलापूरच्या अलीकडे, मिठागरांच्या कडेला, मी गाडी थांबवली आणि आज्ञेनुसार ब्रेकवर पाय ठेवून बसलो. माझेच कलम एक, कलम दोन, 'मिठागर' या शब्दाबाबतचे कलम तीन मी मान खाली घालून ऐकले. मग टेपवर कुकरची शिटी झाली आणि माझा आवाज उतरला:

"कुमुद रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहते. विचारलं तर म्हणते, वारा खाते. आबा, वारा घरातही येतो. ती पनवेलकडचा रस्ता बघते. हे कोणत्या कलमात बसवावं, मला समजत नाही. आपण यावे."

त्यानंतर टाळ वाजू लागले. मूळचा अभंग.

आबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. मागे वळून लेकीकडे पाहिले. ती मिठागरांकडे पाहत होती.

"पत्र मुद्देसूद आहे," ते म्हणाले. "पाय काढा आता. बॅटरी उतरेल."

चारची गाडी गेली. दसरा गेला. आबा भाऊबीज आटोपूनच निघाले! तोवर संध्याकाळी गॅलरीत आम्ही तिघे शेंगा फोडत बसायचो. समोर इमारत नव्हती, खाडीपर्यंत नजर जाई, आणि आबा "वारा फार आहे" अशी तक्रार करीत सर्वांत शेवटी उठायचे. आज आबा नाहीत, मोटार भंगारात गेली, आणि गॅलरीतून समोरच्यांचा टीव्ही दिसतो.

चौकशी मात्र मी पूर्ण केली. हिरामणने करारनामा माझ्यासमोर धरला. "कागदावर बिरेक कुठं हाय, दाखवा ना काका!" नव्हता. मसुदा माझाच होता. क्रमांक एक निर्दोष सुटला.

सुरेश म्हणाला, "दाजी, मी कशी घालीन कॅसेट? मी तुमच्याबरोबर डिकीत पोतं कोंबत होतो की!" हेही खरे. पोत्याचे दुसरे टोक माझ्याच हातात होते. आबा पाणी प्यायला गेले होते. म्हणजे त्या वेळी गाडीत एकच व्यक्ती बसलेली होती, आणि त्या 'अभंगा'त काय आहे हे माझ्याखेरीज फक्त तिलाच ठाऊक होते.

तोंडी विचारणा मी कित्येक वर्षे करीत आहे. गेल्या सोमवारी लेखी पृच्छा फ्रिजवर चिकटवली. तिच्याखाली उत्तर आले: "कोथिंबीर, दही. पिशवी न्या."

पिशवी नेली होती. आता सौ. कुमुद यांनी याच अंकाच्या वाचकांसमोर, पंधरा दिवसांच्या आत, जाहीर खुलासा करावा!