आसारामचा राक्षस

आमचे दाजी आसाराम मिरजगावचे. नावावर थोडी जिराईत जमीन आणि डोक्यात सदानकदा राक्षस. पांगाऱ्याच्या लाकडातून त्यांनी स्वतः कोरलेला तो हातभर कळसूत्री राक्षस दोरीवर असा डुलायचा, की पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात शिरायची. राक्षस दाजींच्या हातात. त्याच्या शिकारीला निघालेली तिरंदाज राणी माझ्या बहिणीच्या, मनकर्णाअक्काच्या हातात. आणि तलवारवाला सरदार नाचवायचा दाजींचा चुलतभाऊ गोरक्ष. मी भिमाजी, ढोलकीवर. जत्रेत तीन दिवस, दुपार कलली की बाहुल्यांचा खेळ. ऐन मोक्याला पडदा टाकून दाजी म्हणायचे, "फुडचं उद्या." लोक शिव्या घालायचे आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी येऊन बसायचे.

राक्षस मरायचा तिसऱ्या दिवशी. पण त्याला मारायचं कुणी, यावरून गोरक्षचं आणि अक्काचं पडद्यामागे रोज वाजायचं. गोरक्ष तालमीतला गडी, मारुतीचा भक्त. सरदाराने तलवार उगारली, की "जय बजरंगबली" अशी आरोळी ठोकल्याशिवाय त्याचा हात खाली यायचा नाही. अक्काचं म्हणणं, बाण माझा लागतो आणि नाव ह्याच्या घशाचं होतं. तिचं खरं होतं, पण मी ढोलकीवाला. मी कशाला बोलू?

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि सगळं गाव खडी फोडायला गेलं. अक्काने एक दिवस दाजींना सरळ सांगितलं, "पाडव्याची एक जत्रा करा. खेळ जमला तर फुडचं बघू. न्हाई जमला तर बाव्हल्या चुलीत आन् तुमी समदे खडीवर." त्या रात्री दाजी जेवले नाहीत. मला त्यांची फार कीव आली.

सुपारी मिळाली पाथर्डीच्या अंगाच्या एका गावाची. नाव सांगत नाही, आम्हाला तिथे अजून जावं लागतं. पहिल्या दिवशी राक्षस गुहेतून बाहेर आला, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, हात जोडले. एका म्हातारीने उठून नारळ फोडला. दाजी एवढे फुलले, की राक्षसाला त्यांनी दोनदा जास्तीचा नाचवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हातारी आमच्या बिऱ्हाडी आली. पाटलाची आत्या, गोजरबाई.

"खेळ लई ग्वाड हाय," ती म्हणाली. "पर आमच्या देवाला शेवटी मारनार न्हाई ना?"

"कोनच्या देवाला?" दाजींनी विचारलं.

तिने देवळाकडे बोट केलं. त्या गावाचं ग्रामदैवतच दैत्य. मारुतीचं आणि त्याचं जुनं वैर, म्हणून गावात मारुतीचं देऊळ नाही, पोराला ते नाव ठेवायचं नाही, तोंडातून काढायचंसुद्धा नाही. "कुनी नाव घेतलं तर जत्रा मोडती," गोजरबाई शांतपणे म्हणाली. "मग पावन्यांच्या बाव्हल्या कोरड्या बारवेत जात्यात."

ती गेल्यावर आम्ही तिघांनी गोरक्षकडे पाहिलं.

"मी काय केलं?" तो म्हणाला.

"अजून न्हाई केलं," अक्का म्हणाली.

दुसरा दिवस आम्ही राणीला जंगलात हिंडवून कसाबसा काढला. तिसऱ्या दिवशी पाऊल ठेवायला जागा नव्हती. पुढे लोकांचा श्वास अडकलेला, मागे आमचा. लोकांना राक्षसाची काळजी आणि आम्हाला गोरक्षच्या तोंडाची. ठरलं होतं, की सरदाराने तलवार उपसायचीच नाही. पण ढोलकी चढली, गर्दी बघून गोरक्षच्या अंगात आलं आणि तलवार वर गेली. त्याने छाती भरून श्वास घेतला. "जय..."

अक्काने राणी अशी फेकली, की ती थेट सरदाराच्या तोंडावर आदळली. दोऱ्यांचा गुंता झाला. गोरक्ष चिडून ओरडला, "माझ्या हातात तलवार दिलीय तर मारू तरी दे की!"

"तू मारनार आन् मी काय कपाळ बडवू? बारा गावं मी तुझीच आरोळी ऐकतेय," अक्का तडकली. पुढे राणी आणि सरदार एकमेकांना बदडत होते, मागे दीर-भावजय खरंच भांडत होते. तेवढ्यात दाजींनी राक्षस सावकाश मध्ये आणला आणि त्याला मांडी घालून बसवला.

"बाबांनो, मला कुनी मारायचं ते आधी ठरवा," राक्षस म्हणाला. "तवर मी जेवून येतो."

गाव उठून नाचलं. दैत्याचा जयजयकार झाला, अक्काला साडीचोळी, दाजींना फेटा. पुढच्या तीन गावांच्या सुपाऱ्या तिथेच मिळाल्या.

आम्ही आवरायला लागलो तर गोजरबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन हजर. "देव स्वताच्या पायानं गावात आला," ती म्हणाली. "त्याला काय परत पेटीत कोंबनार व्हय?" मागे सगळं गाव हात जोडून उभं. दाजींनी राक्षसाच्या दोऱ्या स्वतः सोडल्या. त्यांना वेळ लागला, कुणी घाई केली नाही.

नवा राक्षस कोरायला ते तयार होईनात. मग अक्काच म्हणाली, की आता आपण नुसतं शोधत राहायचं. पुढच्या गावात सरदार आणि राणी राक्षसाला शोधत भांडत राहिले आणि रिकाम्या हातांचे दाजी पडद्यामागून नुसते गुरगुरले. राक्षस दिसलाच नाही, तरी लोक तिन्ही दिवस हलले नाहीत. खेळ जोरात चालला.

पुढच्या पाडव्याला आम्ही त्या गावी गेलो. राक्षस मोठ्या मूर्तीशेजारी बसवलेला, चांदीचे डोळे लावून. दाजी सगळ्यांबरोबर रांगेत उभे राहिले. हात लावायला पुढे झाले तर गुरव म्हणाला, "लांबनंच. सवळ्यात हाय." दाजींनी हात जोडले आणि बराच वेळ तोंडातल्या तोंडात पुटपुटले. मागची माणसं ढकलायला लागली.

बाहेर आल्यावर अक्काने विचारलं, "काय मागितलं येवढं?"

"मागितलं काई न्हाई," दाजी म्हणाले. "हितं करमतंय का, एवढंच इचारलं."